गुडघेदुखीची औषधे : आराम आणि त्याची किंमत

उतारवयातील गुडघेदुखीवर दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधांची तुलना करू लागले, की सर्वांत जास्त आराम कोणत्या गोळीने पडतो, हा प्रश्न सहसा पहिल्यांदा विचारला जातो. परंतु गेल्या पंचवीस वर्षांतील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र वाचले, तर प्रचलित दाहशामक गोळ्यांमधील आरामाचा फरक बेताचाच असून त्या आरामापायी जठर, मूत्रपिंड, हृदय किंवा यकृत यांपैकी कोणत्या अवयवावर ताण पडतो, यातला फरक मात्र बराच मोठा असल्याचे दिसून येते. छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या ‘घाटी’च्या बाह्यरुग्ण विभागात काय किंवा सिडको-हडकोतल्या एखाद्या लहान दवाखान्यात काय, गुडघा धरून येणारे रुग्ण एकसारखे नसतात. पैठण तालुक्यातून आलेली, कापूस वेचणारी पंचेचाळीस वर्षांची निरोगी बाई आणि रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराच्या गोळ्या घेणारे बहात्तर वर्षांचे निवृत्त कारकून यांना एकच पाकीट लिहून दिले, तर पहिलीला ते बहुधा पचून जाईल आणि दुसऱ्याला कदाचित रुग्णालयात दाखल व्हावे लागेल. म्हणून औषधांची तुलना करताना रुग्णाचे शरीर हिशेबाबाहेर ठेवता येत नाही.

दुखते ते नेमके काय

गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे व नडगीचे हाड जेथे एकमेकांसमोर येतात, तेथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचे, म्हणजे गुळगुळीत व लवचीक आवरणाचे अस्तर असते. वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि सांध्यावर वर्षानुवर्षे पडणारा भार यांमुळे हे अस्तर पातळ होत जाते, हाडांच्या कडांना कंगोरे फुटतात आणि सांध्याच्या आतील पडदा मधूनमधून सुजतो; या अवस्थेला ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा अस्थिसंधिवात म्हणतात. कूर्चेत वेदना वाहून नेणारे मज्जातंतू नसतात, त्यामुळे दुखते ती कूर्चा नव्हे. दुखतात ते तिच्याखालचे हाड, सुजलेला पडदा आणि सांध्याभोवतीची ताणलेली वेष्टने. क्ष-किरण चित्रात बरीच झीज दिसणारा माणूस आरामात चालतो आणि थोडीच झीज असलेला माणूस जिना चढताना कळवळतो, या नेहमीच्या विसंगतीचे कारण बऱ्याच अंशी येथे सापडते. झीज थांबवणारे किंवा गेलेली कूर्चा परत आणणारे असे कोणतेही औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. वेदनाशामकाचे काम दुखणे कमी करून चालणे-फिरणे शक्य करण्यापुरतेच असते.

या विकाराचा महाराष्ट्रातील पसारा मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी झाला. संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकाने १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या पद्धतीनुसार तेथे घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्के लोकांनी हाडे-सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. अस्थिसंधिवाताचे प्रमाण ५.८ टक्के, तर बहुचर्चित आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह देशातील पाच ठिकाणच्या पाहणीत चाळिशीपुढील लोकांमध्ये गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण २८.७ टक्के आढळले. वयोगट आणि मोजण्याची रीत वेगळी असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून वाढ काढता येत नाही. मात्र ‘संधिवात’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दुखण्यात झिजेचा वाटा सर्वांत मोठ्या वाट्यांपैकी एक आहे, एवढे त्यांवरून ठरते.

आराम मोजायचा कसा

वेदना यंत्राने मोजता येत नाही, म्हणून चाचण्यांमध्ये रुग्णालाच शून्य ते शंभर अशा पट्टीवर तिचा अंदाज देण्यास सांगतात. या पट्टीवर साधारण नऊ गुणांची अधिकची घट झाली, तरच तो फरक रुग्णाला रोजच्या जगण्यात जाणवण्याजोगा मानण्याचा संशोधकांचा प्रघात आहे. ही घट प्लासिबोच्या, म्हणजे दिसायला औषधासारख्याच पण औषधी द्रव्य नसलेल्या गोळीच्या किंवा मलमाच्या तुलनेत मोजली जाते, आणि गुडघेदुखीत प्लासिबोचा परिणाम फार मोठा असतो. डायक्लोफिनॅकच्या मलमावरील चाचण्यांच्या २०१६ च्या आढाव्यात सहा ते बारा आठवड्यांनंतर औषधी मलम लावणाऱ्या शंभरांपैकी सुमारे साठ जणांचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले होते, पण नुसते मलम लावणाऱ्या शंभरांपैकीही सुमारे पन्नास जणांना तेवढाच आराम पडला होता. दुखणे मुळात चढ-उताराचे असते, रुग्ण ते शिगेला पोचल्यावरच डॉक्टरकडे येतो आणि उपचार चालू असल्याचा विश्वासही वेदना कमी करतो. या साऱ्याचा लाभ प्रत्येक औषधाच्या, तसेच प्रत्येक पट्ट्याच्या आणि तेलाच्या पदरी पडतो. शेजाऱ्याला गुण आला, या सांगण्यावरून औषधाची ताकद ठरवता येत नाही, ती यामुळेच.

पॅरासिटामॉल : सौम्य, पण दुबळे

अनेक वर्षे जगभरच्या मार्गदर्शिकांनी गुडघेदुखीसाठी पॅरासिटामॉलला पहिला मान दिला, कारण ते जठराला सौम्य आणि स्वस्त होते. तथापि २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्याने दाखवले, की गुडघा व खुब्याच्या दुखण्यात प्लासिबोपेक्षा त्याचा अधिकचा लाभ शंभरांच्या पट्टीवर जेमतेम चार गुणांचा आहे, म्हणजे जाणवण्याच्या उंबरठ्याच्या निम्माही नाही, शिवाय ते नियमित घेणाऱ्यांच्या यकृत-चाचण्या बिघडलेल्या आढळण्याची शक्यता जवळजवळ चौपट होती. चोवीस तासांत चार ग्रॅम ही प्रौढांची कमाल मर्यादा मानली जाते, आणि दारू पिणाऱ्यांसाठी, यकृताचा विकार असणाऱ्यांसाठी किंवा अगदी कृश व्यक्तींसाठी ती आणखी कमी धरावी लागते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत पॅरासिटामॉल नेहमीसाठी देऊ नये असे म्हटले. तरीही ज्या रुग्णाला दाहशामक गोळ्या वर्ज्य आहेत, त्याच्यासाठी अधूनमधून घेण्याचे औषध म्हणून त्याची जागा शिल्लक राहते.

दाहशामक गोळ्या : एकच किल्ली, अनेक दारे

आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, सेलेकॉक्सिब, इटोरिकॉक्सिब ही सारी एकाच कुळातली औषधे आहेत. स्टेरॉइड नसलेली दाहशामके असे त्यांचे वर्णन केले जाते. ती कशी काम करतात, याचा उलगडा १९७१ साली ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी केला आणि त्यासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, ती सांध्यात सूज व वेदना वाढवतात. ती बनवणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात ‘कॉक्स’, या विकराला ही औषधे अडवतात. अडचण अशी, की हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. या विकराचे कॉक्स-१ आणि कॉक्स-२ असे दोन प्रकार असून जठराचे रक्षण मुख्यतः पहिल्याकडे आणि दाह मुख्यतः दुसऱ्याकडे असल्याचे १९९० च्या दशकात स्पष्ट झाल्यावर फक्त दुसऱ्याला अडवणाऱ्या ‘कॉक्सिब’ गोळ्या बाजारात आल्या. त्यांतील रोफेकॉक्सिब ही अतिशय खपणारी गोळी मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतली, कारण मोठ्या आतड्यातील गाठी टाळण्यासाठी चाललेल्या एका चाचणीत ही गोळी दीड वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढलेला आढळला. जठराचा जाच टाळताना हृदयाचा धोका उभा राहतो, हे तेव्हा जगाच्या लक्षात आले.

या कुळातील औषधांची आपसातील तुलना करणारे विस्तृत विश्लेषण २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात १९२ चाचण्या आणि १ लाख २ हजार ८२९ रुग्ण होते. दिवसाला ६० मिलिग्रॅम इटोरिकॉक्सिब आणि दिवसाला १५० मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक ही दोन पूर्ण मात्रेतील औषधे गुडघा व खुब्याच्या वेदनेवर सर्वांत परिणामकारक ठरली. परंतु याच डायक्लोफिनॅकबद्दल २०१३ साली ‘लॅन्सेट’मधील शेकडो चाचण्यांच्या एकत्रित हिशेबाने असे दाखवले होते, की एक हजार लोकांनी वर्षभर डायक्लोफिनॅक किंवा कॉक्सिब घेतले, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना तीनने वाढतात आणि त्यांपैकी एक प्राणघातक असते. नॅप्रॉक्सेनच्या मोठ्या मात्रेने असा धोका वाढलेला दिसला नाही, पण जठरातील रक्तस्राव व व्रणाची शक्यता कॉक्सिब व डायक्लोफिनॅकने साधारण दुप्पट होते, तर आयबुप्रोफेन व नॅप्रॉक्सेनने चौपट. हृदय निकामी होऊन रुग्णालयात जाण्याचा धोका मात्र साऱ्याच गोळ्यांनी सुमारे दुपटीने वाढवला.

पुढे २०१६ साली ‘प्रिसिजन’ या २४,०८१ रुग्णांच्या चाचणीने, ज्यांना हृदयविकाराचा धोका आधीच जास्त होता अशा सांधेदुखीच्या रुग्णांमध्ये सेलेकॉक्सिबच्या मध्यम मात्रेची, म्हणजे दिवसाला सरासरी २०९ मिलिग्रॅमची, नॅप्रॉक्सेन व आयबुप्रोफेनशी तुलना केली. सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत त्यांहून वाईट ठरले नाही आणि जठराच्या बाबतीत सरस ठरले. इटोरिकॉक्सिब वेदनेवर प्रभावी असले, तरी ते रक्तदाब चढवते आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्या माणसाला ते देऊ नये, असा युरोपातील नियम आहे. अमेरिकेत तर त्याला परवानगीच मिळाली नाही. हृदयासाठी कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन नियमित घेतले, तर अ‍ॅस्पिरिनचे काम अडू शकते, ही बाबही निवड करताना लक्षात घ्यावी लागते.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि मूत्रपिंड

परदेशी आकड्यांमध्ये न दिसणारी एक गोष्ट संभाजीनगर परिसरात विशेष महत्त्वाची ठरते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, शेतावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी होते, आणि अशा वेळी मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनच्याच आधारावर आपला रक्तप्रवाह टिकवून धरते. तेवढ्यात दाहशामक गोळीने तो आधार काढून घेतला, तर मूत्रपिंडाचे काम अचानक मंदावू शकते. रुग्ण जर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि शिवाय लघवी वाढवणारी गोळी घेत असेल, तर दाहशामकासह हे त्रिकूट वैद्यकशास्त्रात विशेष धोक्याचे मानले जाते. जुलाब-उलट्या चालू असताना, उपवासात पाणी न पिता किंवा उन्हात दिवसभर राबून आल्यावर ही गोळी घेणे म्हणूनच टाळावे.

मूत्रपिंडावरील या परिणामाचे टोकाचे उदाहरण माणसाबाहेरचे आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरत असल्याचे २००४ साली सिद्ध झाले, तोवर त्यांच्या तीन जातींची संख्या पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. त्यानंतर २००६ साली जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आली आणि माणसांसाठीची इंजेक्शने जनावरांना टोचली जाऊ नयेत, म्हणून २०१५ मध्ये त्यांची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. माणसाचे शरीर हे द्रव्य गिधाडापेक्षा कितीतरी चांगले हाताळते. तरी वृद्ध, मधुमेही आणि निर्जळ शरीराची सहनशक्ती मर्यादित असते.

मलम : कमी लेखलेला पर्याय

गुडघा त्वचेखालीच असल्याने तेथे लावलेले डायक्लोफिनॅकचे मलम सांध्यापर्यंत पोचते, आणि रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत सुमारे सहा टक्केच असते. २०२१ च्या त्याच विश्लेषणाने दिवसाला ७० ते ८१ मिलिग्रॅम डायक्लोफिनॅक असलेले मलम परिणामकारक आणि गोळ्यांपेक्षा सुरक्षित ठरवले, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१९ मध्ये व ‘नाइस’ने २०२२ मध्ये गुडघ्यासाठी त्याची ठाम शिफारस केली. तरीही आपल्याकडे मलमाने काही होत नाही, असा समज रूढ आहे. त्याचे एक कारण मात्रेत असावे. एक टक्का तीव्रतेच्या जेलची अमेरिकेतील ठरलेली मात्रा एका गुडघ्यासाठी प्रत्येक वेळी चार ग्रॅम, म्हणजे सुमारे अकरा सेंटिमीटर लांबीची पट्टी, दिवसातून चार वेळा, अशी आहे. या हिशेबाने तीस ग्रॅमची नळी दोन दिवसही पुरत नाही, तर घराघरांत तीच नळी महिनाभर वाटाण्याएवढी लावली जाते आणि मग औषध निकामी ठरवले जाते. पुरेसे मलम नियमित लावणे खर्चिक पडते हे खरे. परंतु साठीपुढील किंवा जठर-मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णासाठी आधी तेच करून पाहणे शहाणपणाचे ठरते.

मिश्रणे, काढे आणि चूर्णे

भारतीय बाजारपेठेचे वैशिष्ट्य म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधे घालण्याची पद्धत. अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची जोडगोळी मेडिकलच्या काउंटरवर सहज ऐकू येते. अशा गोळीत पॅरासिटामॉल आहे हे न कळल्याने ताप आला म्हणून वेगळी गोळी घेतली जाते आणि मात्रा दुप्पट होते. केंद्र सरकारने २०११ साली मिश्रणांतील पॅरासिटामॉलला ३२५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, त्यामागे यकृताचे रक्षण हाच हेतू होता. ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी आलेल्या १५६ मिश्रणांत अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० व पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती. अनेक देशांनी नाकारलेले निमेसुलाइड भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठी निषिद्ध आहे, पण मोठ्यांना ते अजूनही लिहिले जाते आणि यकृताला होणारी इजा हा त्याच्याबद्दलचा मुख्य आक्षेप आहे.

गुडघ्यासाठी आयुर्वेदिक औषध घेणाऱ्यांची संख्या मराठी मुलखात मोठी आहे, आणि त्याची आधुनिक गोळ्यांशी समोरासमोर तुलना करणारी एक उल्लेखनीय चाचणी पुण्यातूनच उभी राहिली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रकल्पात डॉ. चोपडा आणि डॉ. भूषण पटवर्धन यांच्या सहभागाने झालेली ही चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत ४४० रुग्णांना चार गटांत विभागून चोवीस आठवडे सुंठ-गुळवेलीवर आधारित दोन प्रमाणित योग, ग्लुकोसामाइन आणि दिवसाला २०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब देण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णाला व वैद्याला ठाऊक नव्हते. वेदना व हालचालीच्या मोजमापात चारही गट समतुल्य निघाले, आणि आयुर्वेदिक गटांतील काही जणांच्या रक्तात यकृताचे एक विकर वाढलेले आढळले, जे औषध थांबवल्यावर पूर्ववत झाले. हा निष्कर्ष आशादायक आहे, पण तो वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते: चाचणीत प्लासिबोचा गट नव्हता. अमेरिकेतील १,५८३ रुग्णांच्या २००६ च्या चाचणीत ग्लुकोसामाइन एकूण रुग्णांत प्लासिबोहून सरस ठरले नव्हते. तेव्हा त्याच्याशी बरोबरी साधण्यातून औषधाचा स्वतःचा गुण किती आणि उपचार चालू असल्याचा परिणाम किती, हे पूर्ण उलगडत नाही. यकृतावरील त्या नोंदीवरून हेही कळते, की वनौषधी घेणाऱ्यानेही रक्ततपासणीला वगळू नये. बिनलेबलच्या पुड्यांतून विकल्या जाणाऱ्या ‘जडीबुटी’च्या चूर्णांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांत स्टेरॉइड किंवा दाहशामक छुपेपणाने मिसळल्याची उदाहरणे देशभर आढळली आहेत, आणि दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडणे हे अशा भेसळीचेच लक्षण असू शकते.

इंजेक्शने आणि मेंदूवर काम करणारी औषधे

सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम देते. पण २०१७ साली १४० रुग्णांना दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ते दिले असता वेदनेत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र अधिक झिजली. लोक ज्याला ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणतात, त्या हायल्युरॉनिक अ‍ॅसिडची अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने गुडघ्यासाठी शिफारस केलेली नाही, आणि रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या महागड्या इंजेक्शनाविरुद्ध २०१९ मध्ये ठाम मत दिले. ट्रॅमाडॉल हे अफूच्या कुळाशी नाते असलेले औषध २०१८ पासून भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. चक्कर, बद्धकोष्ठता, पडझड आणि सवय लागणे या किमतीच्या मानाने त्याचा लाभ थोडा आहे. अमेरिकेत २४० रुग्णांवरील २०१८ च्या चाचणीत पाठ, गुडघा व खुब्याच्या जुन्या दुखण्यावर अफूजन्य औषधे वर्षभरात इतर औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत. ड्युलोक्सेटिन हे मुळात नैराश्यावरचे औषध, मेंदूत येणाऱ्या वेदनेच्या संदेशांना मंद करते. ज्यांना दाहशामके चालत नाहीत, अशा निवडक रुग्णांना ते उपयोगी पडते, मात्र त्याचा परिणाम यायला काही आठवडे लागतात आणि ते एकदम बंद करता येत नाही.

गोळीबाहेरचे औषध

औषधांच्या या यादीला तोलून धरणारे दोन उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. २०२० साली १५६ रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनापेक्षा भौतिकोपचाराने वर्षाअखेर वेदना व अडचण अधिक कमी झाल्या. मांडीच्या पुढील स्नायूचे साधे, रोजचे व्यायाम त्याच्या केंद्रस्थानी असतात. वजनाचा परिणाम तर औषधानेच सिद्ध केला. लठ्ठ व गुडघेदुखीने त्रस्त अशा ४०७ जणांच्या २०२४ च्या चाचणीत ज्यांना सेमाग्लुटाइड हे वजन घटवणारे औषध देण्यात आले, त्यांचे वजन सरासरी १३.७ टक्के उतरले आणि वेदनेचा गुणांक ४१.७ ने घटला, तर प्लासिबो गटात ही घट २७.५ होती. या फरकाची उंची सर्वांत प्रभावी दाहशामकांच्या बरोबरीची आहे.

यावरून निवडीचा एक क्रम उभा राहतो. आधी व्यायाम, वजन आणि पुरेशा मात्रेतील मलम. त्याने भागले नाही तर जठर, हृदय व मूत्रपिंड पाहून निवडलेली एकच दाहशामक गोळी, कमीत कमी मात्रेत आणि दुखणे वाढलेल्या दिवसांपुरती, गरज भासल्यास जठररक्षक औषधासह. स्टेरॉइडचे इंजेक्शन क्वचित. ट्रॅमाडॉल शेवटी आणि थोडक्यात. हा क्रम डॉक्टरला लावता यावा, म्हणून रुग्णाने दवाखान्यात जाताना क्ष-किरण चित्राबरोबरच चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, काढे-चूर्णांसह, आणि रक्तदाबाची व मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनची ताजी नोंद न्यावी. कोणती गोळी टाळायची, हे पुष्कळदा त्या चित्रापेक्षा या पाकिटांवरून व नोंदींवरूनच ठरते.